रुमालाखालची बटणं

अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्या सासऱ्यांइतका कमी बोलणारा आणि जास्त लिहिणारा माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. सापडलाच तर तो हेडी तरी नसणार. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला मधला माणूस. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि सौदा ह्याच्या हातात. इतर हेडी असे ओरडतात, की बैलसुद्धा कान पाडून उभे राहतात. आमचे सासरे मात्र आष्टीच्या बाजारात लिंबाखाली मांडी घालून बसतात, समोरच्याचा हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटांनी बोलतात. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, ह्यावरून भाव ठरतो आणि खेटून उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. ही रीत तिथं सगळेच पाळतात. पण रुमाल उचलला की बाकीच्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, ह्यांचा होत नाही. सौदा मोडला तर मान हलवतात आणि जमला तर पान खातात, बस्स.

आणि असल्या माणसाच्या पदरी जावई पडला माझ्यासारखा! मी विम्याच्या धंद्यातला, म्हणजे बोलण्यावरच पोट असलेला. मला बघायला आले तेव्हा मी तासभर एकटाच बोलत होतो. शिक्षण सांगितलं, बीडमधलं घर सांगितलं, नसलेल्या बढतीची बातमीसुद्धा देऊन टाकली. आबा ऐकत होते. हिचे ते आबा, म्हणून मीही मनात आबाच म्हणतो, तोंडावर मामा. शेवटी ते म्हणाले, "पाव्हणं, हात द्या." मी दिला. त्यांनी माझा अंगठा चाचपला, मनगट दाबून बघितलं आणि आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "ठीक हाय." एवढ्यावर माझं लग्न ठरलं. त्यांना माझ्या हातात काय सापडलं, हे मी हिला बरेचदा विचारलं. "दात नाही बघितले हे नशीब समजा," असं ती म्हणते.

आमच्या लग्नातच माझ्या मेहुण्यानं आबांना तो फोन घेऊन दिला. मेहुणा पुण्याला कंपनीत असतो. त्याचा हिशोब सोपा होता, की बहीण सासरी चालली, बाप बोलत नाही, निदान लिहील तरी. फोन स्मार्ट होता, पण बटणांचा. वर चौकोनी काच आणि खाली मक्याच्या दाण्यांसारखी अक्षरांची बटणं. घरात सगळ्यांना वाटलं, हेड्याला हे कुठलं जमतंय. पण कुणाला माहीत नव्हतं, की तरुणपणी तहसिलीत कारकून व्हायचं म्हणून आबांनी बीडला टायपिंगचा क्लास केला होता. तिथले मास्तर पोरांच्या बोटांवर पुठ्ठा आडवा धरायचे, बटणांकडं बघायचं नाही म्हणजे नाही. आबा परीक्षा पास झाले, नोकरी काही आली नाही, मग गेले बापामागं बाजारात. पण बोटं ते विसरली नव्हती. फोन हातात पडला आणि दुसऱ्याच दिवसापासून आबा उपरण्याखाली हात घालून मेसेज लिहायला लागले. इंग्रजी अक्षरांत मराठी. तेही न बघता.

त्यानंतर ह्या माणसानं जो धुमाकूळ घातला म्हणता! चेहरा मारुतीच्या पारावर बसल्यासारखा शांत, डोळे समोर आणि उपरण्याखाली अंगठे चालू. एका नात्यातल्या लग्नात मंगलाष्टका चालल्या होत्या. आबा मानकऱ्यांच्या रांगेत फेटा बांधून हात जोडल्यासारखे बसलेले. तिकडं बायकांत बसलेल्या हिच्या फोनवर मेसेज आला, 'नवरदेवाला बूट चावतोय. कुणाला तरी सांग.' खरंच चावत होता. मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोराचा बूट ह्यांना दिसला होता. एकदा एका मयताच्या घरी आम्ही भेटायला गेलो. एक लांबचे पाहुणे उठायलाच तयार नाहीत, मेलेल्या माणसाच्या आठवणी सांगून सांगून त्यांनी त्याला पुन्हा जिवंत करायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. मी मान डोलवत बसलेलो. तेवढ्यात खिसा थरथरला. 'पाव्हणं ह्यांना उठवा. घरच्यांना भूक लागली.' मी आबांकडं बघितलं तर ते छताकडं बघत होते.

हिला मात्र रोज ठरलेला मेसेज. दुपार झाली की 'जेवली का बाई' आलंच म्हणून समजा. मग ही काय लिहायची! सकाळी काय केलं, पोरगं शाळेत कसं भांडलं, मी कसा घोरतो, वरच्या मजल्यावरचे लोक पाणी कसं सांडतात, सगळं. बापाशी पोटभर बोलून घ्यायची. आणि आबांकडून ह्यातल्या एकाही गोष्टीवर अक्षरही यायचं नाही. पोराला गोवर उठलाय असं कळवलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी, 'जेवली का बाई. शेळीला दोन पिल्लं झाली.' ही आधी चिडायची, मग हसायची. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, की हेडी माणूस आहे, पत्ते उघडे करणार नाही. तिचा मेसेज वाजला की आबा फोन काढायचे, हात लांब करून काचेकडं गंभीरपणे बघायचे, "हां" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे, हे सासूबाईंनी कितीदा तरी सांगितलेलं. म्हणजे पोचतंय, एवढं समाधान तिला होतं.

आणि एक दिवस त्या जुन्या फोनवर मेसेजचं अ‍ॅप चालायचं बंद झालं. फोन सुरू व्हायचा, जुनं सगळं दिसायचं, पण नवीन काही जायचं नाही, काही यायचं नाही. दुपारी फोन वाजला नाही म्हणून हिनं जेवणच केलं नाही. मग मला जावईपण सुचलं. मोठ्या काचेचा नवा कोरा टचस्क्रीन घेऊन मी आबांसमोर हजर झालो. त्यांनी तो पालथा केला, सुलटा केला, अंगठ्यानं चोळला. म्हणाले, "पाव्हणं, ह्याला हाड न्हाई."

"हाड कशाला पाहिजे, मामा? नुसतं बोट लावायचं."

"बोटाला काही लागायला तर पायजे. हे धरायचं कुठून?"

मी बोलतो ते विमा घेणाऱ्याला पटतं, सासऱ्यांना पटत नाही. तरी मी दिवसभर शिकवलं. आबा ऐकायचे, मान हलवायचे आणि फोन उपरण्याखाली न्यायचे. बघून लिहा म्हटलं की बाहेर काढायचे, मी पाणी प्यायला उठलो की पुन्हा आत. पुढचे आठ-पंधरा दिवस आमच्याकडं काय काय आलं म्हणून सांगू! नुसत्या काळोखाचे फोटो. बैलाचा अर्धा कान. आबांचा अंगठा, जवळून आणि अजून जवळून. भर दुपारी शुभ रात्रीचं गुलाबाचं फूल. आणि एकदा तर आमच्या विम्याच्या साहेबांनाच फोन, ज्यावर साहेब हॅलो हॅलो करत राहिले आणि पलीकडून म्हैस ओरडत राहिली.

कळस झाला तो बाजारात. शिरूर कासारकडचा एक व्यापारी बैलजोडीला आला होता. आबांनी त्याचा हात धरला, वर रुमाल टाकला. दुपार झालेली, लेकीला मेसेज करायची वेळ, म्हणून दुसऱ्या हातानं त्याच रुमालाखाली फोन घेतला. आता ह्या माणसाशिवाय हे कुणाला सुचेल? एका हातानं सौदा आणि एका हातानं लेक! काचेवर कुठं काय दाबलं गेलं देव जाणे, घरच्या ग्रुपला व्हिडिओ कॉल लागला. इकडं ही पोळ्या लाटत होती. फोन उघडला तर हिरवट उजेडात चार-पाच बोटं एकमेकांत अडकलेली. आमच्या घरातल्या बाईमाणसानं सौदा आतून बघितला तो पहिल्यांदाच. मीही आलो, मेहुणाही पुण्याहून लागला. तो लहानपणी बाजारात हिंडलेला, त्याला बोटं वाचता येतात. त्याच्यानं राहवेना. तो जोरात ओरडला, "आबा, सोडू नका! अजून एक बोट धरा, तो देतोय!"

आवाज आला रुमालातून. व्यापारी हात सोडून असा उडाला, की मागची म्हैस दावं तोडून पळाली. "रुमालात कोण बसलंय बे?" म्हणून त्यानं बोंब ठोकली. सगळा बाजार गोळा झाला. लोक हसून हसून खाली बसले. जोडी राहिली जागच्या जागी. आबा उठले, रुमाल झटकला, घरी आले आणि फोन ज्वारीच्या कणगीत टाकून वरून झाकण लावलं.

त्या दिवसापासून मेसेज बंद. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. फोनवर बोलायचं तर आबा बोलणारे नव्हतेच. सासूबाई स्वतःचा फोन त्यांच्या कानाला लावायच्या, हे नुसते श्वास घ्यायचे आणि परत द्यायचे. दुपार झाली की ही ताट घेऊन बसायची, फोनकडं बघायची आणि भात चिवडायची. मी काही विनोद केला की माझ्याकडं अशी बघायची, की मी पेपर तोंडासमोर धरायचो. एक दिवस भडकलीच. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं ते काचेचं आणायला? माझ्या बापाला मुका केला तुम्ही! आता जा आणि बोलता करून या. त्याशिवाय येऊ नका." मी मोटरसायकल काढली.

आबा ओट्यावर बसले होते. मी कणगीतून फोन काढला, ज्वारी झटकली, थोडा चार्ज करून सुरू केला आणि शेजारी बसलो. ही रोज न चुकता लिहीतच होती, ते सगळं आत येऊन पडलेलं. म्हटलं ह्यांना तेच दाखवावं, म्हणजे विरघळतील. मी एक मेसेज उघडून काच त्यांच्यासमोर धरली. "वाचा मामा, तुमच्या लेकीनं काय लिहिलंय." आबांनी फोन घेतला, हात लांब केला, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "हां. बरं हाय म्हणती."

मी काच परत घेतली आणि गार पडलो. माझ्या हातून चुकून भलताच मेसेज उघडला होता. रिचार्ज संपत आलं आहे, लवकर भरा, असा कंपनीचा.

"मामा," मी हळूच विचारलं, "तुम्हाला जवळचं दिसत नाही का?"

आबांनी आधी दाराकडं बघितलं. मग रस्त्याकडं. मग माझा हात धरला. "पाव्हणं, बोंबलू नका. चाळशी लागून लई दिवस झाले."

"मग चष्मा का नाही लावला?"

"हेड्यानं कावून लावावा चष्मा? गिऱ्हाईक म्हणंल, ह्याला सोताला दिसंना, हा मला काय बैल दाखवतो बे!" आणि मग मला सगळं उलगडत गेलं. आबा जनावराचे दात बघत नाहीत, अंगठा घालून चाचपतात, ह्याचं केवढं कौतुक त्या बाजारात! लांबून लोक यायचे हा अंगठा बघायला. दिसत नव्हतं म्हणून चाचपत होते, एवढीच त्यातली विद्या. बटणांचं तेच. बोटांना खुणा लागत होत्या तोवर लिहिणं चाललं होतं. काच आली आणि सगळं बसलं.

पण माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. "मामा, म्हणजे एवढ्या वर्षांत तिनं लिहिलेलं तुम्ही..."

"न्हाई," आबा म्हणाले.

"एकही?"

"तो फोन घेतला तवाच अक्षर फुटायलं होतं. बाई लिहायची, मी बघायचो. लांबडं लिहिलंय एवढं कळायचं. लांबडं असलं की बरी हाय म्हणायचं."

"अहो, मग कुणाकडून तरी वाचून घ्यायचं!"

आबांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी काहीतरी अचकटविचकट बोललो आहे. "लेकीनं बापाला लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं?" म्हणाले. "अन् हे बाईला सांगू नका. लई वाईट वाटंल तिला." मी उठून मोटरसायकलची किल्ली घेतली.

आष्टीत चष्मा घेणं शक्यच नव्हतं, तिथं बैलसुद्धा ह्यांना ओळखतात. मी त्यांना मागं बसवलं आणि थेट मांजरसुंब्याला आणलं. तिथं फाट्यावर रस्त्याच्या कडेला चाळशी विकणारा एक जण बसलेला असतो. येणारे-जाणारे सगळे परगावचे, कुणाला कुणाचं पडलेलं नाही. आबांनी उपरणं डोक्यावरून घेतलं, चोरीचा माल बघावा तशी एकेक चाळशी आत घेतली, वाकवून बघितली, काड्या ओढून बघितल्या. शेवटी एक नाकावर बसली. मग आम्ही समोरच्या धाब्यावर चहा घ्यायला गेलो. आबांनी कपात बघितलं आणि थबकले.

"पाव्हणं, ह्यात चिलट हाय."

"टाकून देऊ, दुसरा सांगतो."

"दुसऱ्याचं न्हाई वो. मी आजपोतर किती पेलो असंल?" ते चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाले. मग त्यांनी स्वतःचे हात बघितले, उलटे-सुलटे करून. मग मान वर करून मला बघितलं, बराच वेळ. "तुमचे केस इतके पांढरे कवा झाले? मी दिलती तवा पोरगी काळ्या केसाला दिलती." मी त्यांना फोनवरची अक्षरं मोठी करून दिली, पार बोराएवढी. उठताना त्यांनी विचारलं, "जुना फोन चार्ज होतो का?" म्हटलं होतो, पण त्यावरून काही जाणार नाही. "न जाऊ दे," म्हणाले आणि आष्टीच्या गाडीत बसून गेले. घरी येऊन मी हिला एवढंच सांगितलं, की बोलतील, थोडा दम धर.

दोन-तीन दिवसांनी, रविवारची दुपार होती. ही तुरीची डाळ निवडत बसली होती आणि मी पेपर घेऊन पडलो होतो. फोन वाजला. हिनं झडप घातली. वाचलं आणि गोंधळून माझ्याकडं दिलं. 'मिक्सर दुकानदाराला परत कर. त्याला म्हणावं माझा बाप येतोय.' मिक्सर? जो मिक्सर धूर काढायचा तो भंगारात जाऊनही जमाना झाला होता. तेवढ्यात दुसरा. 'दाढेत लवंग धर.' ती दाढ कधीच काढून टाकली होती. तिसरा. 'नाव चांगलं हाय. हेच ठेवा.' ज्याचं नाव ठेवायचं होतं तो समोर गॅलरीत पडक्या दातांनी पेरू खात होता. मग धडाधड यायलाच लागले. 'वरच्या मजल्यावरच्याला नळ बंद करायला सांग.' 'घोरतो तर कुशीवर झोपव.' 'पुरण सैल झालं तर परत गॅसवर ठेव.' आधी ही हसत होती. मग घाबरली. "अहो, आबांच्या डोक्यावर काही परिणाम तर झाला नाही ना?"

मी सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सकाळपासून ओट्यावर बसलेत. एका हातात जुना, एका हातात नवा. नाकावर काय तरी घातलंय, मी गेले की काढतेत. जेवा म्हणलं तर हात करतेत, थांब म्हणून."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी हिला सगळं सांगितलं. चाळशी, बोटं, लांबडं लिहिलं की बरी आहे ते, सगळं. ऐकता ऐकता तिचे हात डाळीत तसेच राहिले. "म्हणजे मी एवढी वर्षं..." एवढंच म्हणाली. मला वाटलं आता रडेल, किंवा माझ्यावर तरी ओरडेल. पण ती फोन मांडीवर घेऊन बसली आणि आलेलं एकेक उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, एकेका जुन्या दुखण्याला हात लावत.

मेसेज थांबले होते. बऱ्याच वेळानं एक आला. आबा उलटे, नव्याकडून जुन्याकडं वाचत गेले असावेत, कारण हा शेवटचा होता. हिनं वाचला आणि पदर तोंडाला लावला. मी वाकून बघितलं. दोनच शब्द होते.

'येऊ न्यायला?'

"काय लिहिलं होतंस तू?" मी विचारलं.

"लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता," ती म्हणाली. "इथं काही करमत नव्हतं. तुम्ही दिवसभर बाहेर. रात्री आलात तरी नुसते बोलत सुटायचा, माझं ऐकायला कुणी नाही. एक दिवस लिहून टाकलं, आबा, मला न्यायला या." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "मग वाट बघितली. दोन दिवस पिशवी भरून ठेवली होती. राग आला होता आबांचा. नंतर करमायला लागलं, आणि विसरले."

"वाचलं असतं तर पहिल्या गाडीनं आले असते," मी म्हटलं. ही गोष्ट मला हसत सांगायची होती, पण ते काही जमलं नाही. माझा अख्खा संसार सासऱ्यांच्या न घेतलेल्या चष्म्यावर उभा आहे, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं.

हिनं डोळे पुसले, बोटाला लागलेली डाळीची पूड झटकली आणि लिहिलं, 'या. न्यायला नको, राहायला या.' फोन आमच्या दोघांच्या मधे ठेवला. वर 'टाइप करत आहे' असं दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा दिसायला लागलं. तिकडं ओट्यावर एक म्हातारं बोट काचेवर अक्षर शोधत होतं, बघून बघून. इतक्या वर्षांत तिच्या शब्दाला त्याच वेळी त्यांचा शब्द कधी आला नव्हता.

मग आला. 'जेवून येऊ का जेवायला येऊ?'

'जेवायलाच या,' असं लिहून ही उठली आणि कणीक भिजवायला घेतली. आष्टीहून यायला त्यांना संध्याकाळ होणार होती, हे मी तिला सांगितलं नाही.